धनराज पिल्ले : वसाहतीचे मैदान, कंपनीचा संघ आणि देशाची जर्सी

भारतीय हॉकीचा भूगोल पाहिला, तर हा खेळ मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीपेक्षा लष्करी छावण्या, रेल्वे वसाहती, मिशनरी शाळा आणि सरकारी कारखाने यांच्या आसऱ्याने वाढला, ही गोष्ट प्रथम ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पलटणींनी तो हिंदुस्थानात रुजवला, तेव्हा त्याला लागणारी सपाट मोकळी जागा आणि संध्याकाळचा ठरावीक वेळ या दोन्ही गोष्टी छावणीत आयत्याच होत्या. फारशी सामग्री लागत नसल्यामुळे गोऱ्या पलटणींचा खेळ पाहता पाहता देशी शिपाई आणि पुढे छावणीच्या बाजारातली मुलेही स्टिक हाती धरू लागली. ध्यानचंद झाशीत वाढले आणि सैन्यात घडले, १९५६ ते १९६४ या काळातील तीन ऑलिम्पिक स्पर्धांमध्ये भारताचा गोल सांभाळणारे शंकर लक्ष्मण महू या छावणीच्या गावचे, आणि जालंधर छावणीला खेटून असलेल्या संसारपूर या एवढ्याशा खेड्याने तर डझनाहून अधिक ऑलिम्पिक खेळाडू दिले. पुण्याला लागून असलेली खडकी याच माळेतली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई येथे झाली, त्यानंतर येथे छावणी वसली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि बॉम्बे इंजिनिअर ग्रुप या लष्करी दलाचे केंद्रही येथेच आहे. खडकीचा कारभार पुण्याच्या महापालिकेकडे नव्हे, तर कटक मंडळाकडे, म्हणजे संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील स्वतंत्र स्थानिक मंडळाकडे राहिला. त्यामुळे पुण्याच्या कुशीत असूनही या गावाची वहिवाट निराळी राहिली आणि तेथील कामगार वस्तीत मराठीच्या जोडीने तमिळ व तेलुगूही सर्रास कानी पडत आली.

धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी याच खडकीत एका तमिळ कुटुंबात झाला. वडील नागलिंगम हे आयुध निर्माणीच्या मैदानाची निगा राखण्याचे काम करीत, कुटुंब कारखान्याच्या कर्मचारी वसाहतीत राहत असे, आणि तुटपुंज्या मिळकतीत पाच मुलांचा संसार ओढणाऱ्या आई अंडालम्मा यांनी मुलांच्या हॉकीला आडकाठी करण्याऐवजी प्रोत्साहन दिले. आईचे हे ऋण पिल्ले यांनी पुढे वारंवार बोलून दाखवले आहे, आणि संदीप मिश्रा यांनी लिहिलेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकातही ‘अम्मा’ आहे. मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू यांवर या भावंडांचा खेळ चालला, ही हकिकत त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते आणि ती खरीही आहे. मात्र गरिबीच्या त्या चित्रात एक बाब सहसा झाकली जाते. या मुलांकडे पैसा नव्हता, पण मैदान होते, आणि तेही घरापासून हाकेच्या अंतरावर, रोजच्या रोज, फुकट. कारखान्याने कामगारांसाठी राखलेल्या त्या मोकळ्या जागेमुळे जे मिळाले, ते मुंबईच्या एखाद्या सुखवस्तू घरातील मुलालाही सहजी मिळत नसे.

त्या मैदानाचा पिल्ले यांच्या खेळावर उमटलेला ठसा समजून घेण्यासाठी स्टिकची रचना पाहावी लागते. हॉकीची स्टिक एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने फुगीर असते, आणि नियमानुसार चेंडू फुगीर बाजूने खेळता येत नाही. म्हणून चेंडू उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा उलट न्यायचा, तर स्टिक प्रत्येक वेळी मनगटातून उलटी फिरवावी लागते. वरच्या टोकाला घट्ट धरलेला डावा हात ती फिरवतो, तर खालचा उजवा हात सैल राहून मूठ स्वतःतून फिरू देतो. हे आलटून पालटून, चेंडूशी स्टिकचा संपर्क न तोडता करीत पुढे जाणे म्हणजे ड्रिब्लिंग. मातीच्या मैदानावर चेंडू कधी उडतो, कधी चिखलात रुततो, कधी खड्याला लागून भलतीकडे जातो, त्यामुळे तेथे शिकलेला खेळाडू त्याला स्टिकपासून वीतभरही दूर सोडत नाही. पिल्ले यांचा आदर्श होते वाराणसीचे मोहम्मद शाहिद, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील आघाडीचे खेळाडू, ज्यांची ख्याती प्रामुख्याने हुलकावणीची होती. पिल्ले यांनी त्या हुलकावणीला धावेची जोड दिली; मध्यरेषेजवळ चेंडू घेऊन, मानेवर रुळणारे केस उडवीत, पूर्ण वेगात असतानाच मनगट फिरवून बचावपटूच्या डाव्या-उजव्या बाजूने निसटणे ही त्यांची ओळख ठरली, आणि हे करताना त्यांचा वेग कमी होत नसे, हेच प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत जड जात असे.

एवढ्या कौशल्यावर खडकीतून भारताच्या संघात थेट जाण्याची वाट मात्र नव्हती. युरोपात खेळाडू लहानपणापासून गावच्या क्लबात वाढतो. भारतात क्लबांची ती जागा दीर्घकाळ नोकरी देणाऱ्या संस्थांनी घेतली. रेल्वे, सेनादले, पोलीस, बँका, तेल कंपन्या, विमान कंपन्या आणि काही खाजगी कारखाने स्वतःचे संघ ठेवीत, त्यासाठी खेळाडूंची भरती क्रीडा कोट्यातून, म्हणजे खेळातील कामगिरीवर राखीव जागांतून करीत, आणि त्यांना सराव व स्पर्धांसाठी कामातून सवलत देत. यालाच संस्थात्मक हॉकी म्हणता येईल. मुंबई हे तिचे एक मोठे केंद्र होते: १८९६ मध्ये सुरू झालेली आगाखान चषक स्पर्धा, चर्चगेटजवळचे हॉकीचे स्टेडियम, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जोपासलेली खेळाची परंपरा आणि कंपन्यांच्या संघांतील चुरशीची स्थानिक लीग यांमुळे बाहेरगावच्या मुलाला तेथे नावही मिळे आणि पगारही. पिल्ले यांचे थोरले बंधू रमेश आधीच तेथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफच्या संघातून खेळत होते व भारतातर्फेही उतरले होते. त्यांच्या मागोमाग धनराज १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत आले. पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्यांना जोकिम कार्व्हालो या माजी ऑलिम्पिक खेळाडूचे मार्गदर्शन लाभले. कच्च्या वेगाला सांघिक शिस्तीत बसवण्याचे काम या वर्षांत झाले, आणि १९८९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशिया चषक स्पर्धेत त्यांनी भारताची जर्सी प्रथमच अंगावर चढवली.

त्यानंतरची पंधरा वर्षे आकड्यांत सांगायची, तर ३३९ आंतरराष्ट्रीय सामने, चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा असा हा हिशेब आहे, आणि असा चौपदरी विक्रम दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाही. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात स्थान मिळवणारे ते एकटेच भारतीय होते. मात्र आघाडीच्या खेळाडूची खरी ओळख ज्या आकड्यातून पटावी, तोच आकडा, म्हणजे त्यांनी केलेल्या गोलांची संख्या, निश्चितपणे सांगता येत नाही, कारण भारतीय हॉकी महासंघाने त्या काळात वैयक्तिक गोलांची पद्धतशीर नोंदच ठेवली नाही. १७० हून अधिक हा सांगितला जाणारा आकडा खुद्द पिल्ले यांच्या अंदाजावर उभा आहे. शेजारच्या क्रिकेटमध्ये त्याच वर्षांत एकेक धाव दशांश सरासरीसह छापली जात असताना हॉकीच्या कर्णधाराचे गोल त्यालाच मोजावे लागावेत, यावरून त्या खेळाच्या कारभाराची कळा कळते.

या वैयक्तिक लौकिकाच्या शेजारी संघाची कामगिरी ठेवली, की मोठी विसंगती दिसते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये भारत सातवा, १९९६ च्या अटलांटात आठवा, २००० च्या सिडनीत आणि २००४ च्या अथेन्समध्ये पुन्हा सातवा आला, तर विश्वचषकातील त्यांच्या काळातले सर्वोत्तम स्थान १९९४ चे पाचवे राहिले. याची मुळे ते खेळू लागण्याआधीच रुजली होती. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर, ज्याला बोलीत टर्फ म्हटले जाते, खेळली जाऊ लागली; पाणी शिंपडलेल्या त्या गुळगुळीत पृष्ठभागावर चेंडू सरळ आणि अतिशय वेगाने धावतो, त्यामुळे एकट्याने चेंडू घोळवीत नेण्यापेक्षा दूरचे अचूक पास, दमसास आणि आखीव डावपेच यांना मोल आले. युरोप आणि ऑस्ट्रेलियात अशी मैदाने झपाट्याने वाढली. भारतात ती महानगरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि खडकीसारख्या गावातील मुलगा मातीवर शिकून ऐन तारुण्यात टर्फवर येई, तेव्हा त्याला बरेचसे नव्याने शिकावे लागे. त्यातच १९९० च्या दशकात कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा आली आणि ऑफसाइडचा नियम रद्द झाला, त्यामुळे खेळ आणखी वेगवान झाला.

पेनल्टी कॉर्नर हे दुसरे दुखणे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोरील अर्धवर्तुळात, म्हणजे ‘डी’मध्ये, बचाव करणाऱ्याकडून चूक झाली, की आक्रमक संघाला गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून, ‘डी’च्या कडेला थांबवून, गोलवर मारण्याची संधी मिळते, आणि आधुनिक हॉकीत अनेक सामन्यांचा निकाल या एका प्रसंगावर फिरतो. पिल्ले धावत आत घुसून अशा संधी मिळवून देत. त्यांचे हुकमी गोलात रूपांतर करणारा खेळाडू मात्र त्या दशकात बराच काळ भारताकडे नव्हता. त्यांच्या पाठीराख्यांनी पराभवाचे खापर प्रत्येक वेळी संघटकांवर फोडले, आणि त्यात तथ्य असले तरी तंत्राची ही उणीव झाकून चालणार नाही.

देशात मिळणारा मान आणि देशाबाहेर मिळणारा मोबदला यांतली तफावत पिल्ले यांना लवकर कळली असावी. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लिआँचा संघ, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील बँक व दूरसंचार कंपनीचे संघ आणि ढाक्यातील अबाहानी अशा अनेक ठिकाणी ते लीग खेळले. या लीगमध्ये परदेशी खेळाडूला हंगामापुरता करार, राहण्याची सोय आणि ठरलेले मानधन मिळते. इकडे भारतात इंडियन एअरलाइन्स या विमान कंपनीतील नोकरी होती. तिने बारमाही पगार आणि उतारवयाची हमी दिली. म्हणजे खेळाडूचा संसार नोकरीवर चालला, बचत परदेशी हंगामांतून झाली, आणि ज्या राष्ट्रीय संघामुळे या दोन्ही गोष्टी मिळाल्या त्या संघाकडून प्रत्यक्ष हाती येणारा पैसा सर्वांत कमी होता.

ही विषमता १९९८ च्या अखेरीस उघड्यावर आली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले, तेही तब्बल ३२ वर्षांनी. आधीचे सुवर्ण १९६६ मध्ये याच शहरात मिळाले होते. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल टायब्रेकरवर गेला. त्या काळी टायब्रेकर म्हणजे गोलपासून सुमारे साडेसहा मीटर अंतरावर ठेवलेल्या चेंडूवर प्रत्येक संघाचे पाच फटके, समोर एकटा गोलरक्षक. आज त्याऐवजी खेळाडू चेंडू घेऊन धावत येतो आणि त्याला आठ सेकंद मिळतात. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी कोरियाचे फटके अडवले आणि भारत ४-२ असा जिंकला. खेळाडू भारतात परतले, सत्कार झाले, भत्ते आणि मानधनाबद्दल काही ज्येष्ठांनी मोकळेपणाने तोंड उघडले, आणि पुढच्याच मालिकेसाठी जाहीर झालेल्या संघातून कर्णधार पिल्ले, बल्लाळ आणि आणखी काही विजेते वगळलेले निघाले. प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक यांचेही पद गेले. महासंघाने याला विश्रांती म्हटले.

पिल्ले यांच्या तापट स्वभावाच्या आख्यायिका येथून अधिकच वाढल्या. मैदानावर पंचांशी हुज्जत आणि मैदानाबाहेर संघटकांवर जाहीर टीका यांमुळे ‘वादग्रस्त’ हे विशेषण त्यांच्या नावामागे कायमचे चिकटले. यातील काही प्रसंगांत संयम अधिक शोभला असता, हे त्यांचे चाहतेही मान्य करतील. तथापि, ज्या व्यवस्थेत खेळाडूंची संघटना नाही, करार नाही, निवडीचे निकष लिखित नाहीत आणि तक्रार कोणाकडे करायची हेही ठरलेले नाही, तेथे कर्णधाराला चढ्या आवाजाशिवाय दुसरे साधन कोणते उरते, हा प्रश्न त्या काळच्या वृत्तपत्रांनी फारसा विचारला नाही. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला कामाच्या दामाची मागणी ही बंडखोरी वाटण्याचे कारणही नव्हते. राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार त्यांना १९९९-२००० या वर्षासाठी मिळाला, म्हणजे संघातून वगळले गेल्यानंतर फार काळ लोटण्याआधीच. पद्मश्रीही याच सुमारास मिळाली.

ते संघात परतले आणि सिडनी ऑलिम्पिकला गेले. गटातील अखेरच्या सामन्यात पोलंडला हरवले असते, तर भारत उपांत्य फेरीत पोहोचला असता. भारताने १-० अशी आघाडी घेतली, ती जवळजवळ शेवटपर्यंत टिकवली, आणि अगदी अखेरच्या मिनिटांत पोलंडने बरोबरीचा गोल केला. भारतीय हॉकीत शेवटच्या क्षणी सामना निसटण्याची जी जुनी खोड सांगितली जाते, तिचे हे सर्वांत जिव्हारी लागलेले उदाहरण. दमसास आणि एकाग्रता संपत आली, की बचाव फळी मागे मागे सरकते, चेंडू पुढे ठेवण्याऐवजी नुसता बाहेर मारला जातो, आणि प्रतिस्पर्ध्याला तो लगेच परत मिळतो. सिडनीतील अखेरची मिनिटे याच क्रमाने गेली. बत्तीस वर्षांच्या पिल्ले यांच्यासाठी ऑलिम्पिक पदकाची ती सर्वांत जवळची संधी होती.

विशेष म्हणजे खेळाडू म्हणून त्यांचा नंतरचा काळ उतरणीचा नव्हता. २००२ मध्ये कोलोन येथील चॅम्पियन्स करंडकात भारत चौथा आला, पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू चौतिशीतले पिल्ले ठरले, आणि चॅम्पियन्स करंडकात केवळ सहा निवडक संघ खेळत, हे लक्षात घेतले म्हणजे या मानाचे वजन कळते. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत भारताने रौप्यपदक मिळवले. २००३ मध्ये क्वालालंपूर येथे त्यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानला ४-२ असे हरवून भारताने आशिया चषक प्रथमच जिंकला. या संघात दिलीप तिर्की, गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, मुंबईचे वीरेन रास्किन्हा अशी तरुण पिढी होती, आणि अनुभवी पिल्ले पूर्वीइतकी धाव न घेता चेंडूचे वाटप अधिक करू लागले होते. अथेन्स ऑलिम्पिक महिन्यावर आलेले असताना प्रशिक्षक बदलून जर्मनीच्या गेऱ्हार्ड राख यांना आणले गेले, आणि नव्या योजनेत पिल्ले यांचा बराच वेळ बाकावर गेला. ऑगस्ट २००४ मध्ये ती स्पर्धा संपली, तीच त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची अखेर ठरली.

खेळणे मात्र थांबले नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रीमिअर हॉकी लीगमध्ये ते मराठा वॉरिअर्स संघाचे कर्णधार होते, आणि २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कर्नाटक लायन्सकडून उतरले. दरम्यान नोकरीची बाजू चालूच होती: इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, आणि तेथील हॉकी संघाच्या व्यवस्थापनाशी त्यांचा संबंध राहिला, गुजरातमध्ये सरकारी हॉकी अकादमी उभी करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. निवृत्तीनंतर याहून वेगळा मार्गही असू शकतो, हे त्यांच्याच संघातील रास्किन्हा यांच्याकडे पाहून दिसते. ते तिशीच्या आत खेळ सोडून व्यवस्थापनशास्त्र शिकले आणि ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट या खेळाडूंना साहाय्य करणाऱ्या संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. वांद्र्याच्या शिकलेल्या घरात हॉकीबरोबर पदवी चालत असे. खडकीच्या वसाहतीत हॉकी हीच पदवी होती.

पिल्ले यांच्या पाठोपाठ, ते ज्या व्यवस्थेत खेळले तिचेही दिवस पालटले. मार्च २००८ मध्ये सँटिआगो येथील पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून हरल्यामुळे भारत प्रथमच ऑलिम्पिकसाठी पात्र ठरू शकला नाही, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते पिल्ले यांना घडवणारे कार्व्हालो. दोन महिन्यांच्या आत लाचखोरीच्या आरोपावरून भारतीय हॉकी महासंघच निलंबित झाला आणि पुढे हॉकी इंडिया ही नवी संघटना आली. खेळाडूंना लिलावातून रक्कम देणारी लीग आली, २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, आणि २०२१ मध्ये टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक मिळाले. त्या पदकविजेत्या संघात पंजाब, हरियाणा, ओडिशा, मणिपूर, केरळ, मध्य प्रदेश यांचे खेळाडू होते. महाराष्ट्राचा एकही नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मुंबईचे देवेंदर वाल्मीकी खेळले होते, त्यानंतर ही जागा रिकामीच आहे. मुंबईतील संस्थात्मक संघांत कायम नोकऱ्या देणे कमी होत गेले, अनेक ठिकाणी त्याऐवजी दरमहा विद्यावेतनावर मुले घेतली जाऊ लागली, आणि ज्या एअर इंडियाने हॉकीपटूंच्या कित्येक पिढ्या पोसल्या ती जानेवारी २०२२ मध्ये खाजगी उद्योगसमूहाकडे गेली.